मेल फोल्डरचा क्लास लिहिताना: नाव वेगळं, ओळख वेगळी, उघडणं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातली तिघांची एक छोटी टीम वकिलांच्या कार्यालयांसाठी मेल सांभाळणारं सॉफ्टवेअर जावात लिहिते आहे. दर प्रकरणाला एक फोल्डर. त्यांच्या फोल्डर क्लासमध्ये नाव, पालक, मुलं आणि मेसेजची यादी आहे. स्वतःच्या मशीनवर सगळं चाललं, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात काम करणाऱ्या एका कार्यालयात बसवल्यावर तक्रारी सुरू झाल्या. एका प्रकरणाचे तीन फोल्डर तयार झाले, काही मराठी नावांचे फोल्डर सॉफ्टवेअरला सापडेनात (कारकुनाच्या शब्दांत, ‘साहेब, फोल्डर दिसूनच नाही राहिलं’), आणि एकदा भलत्याच मेलवर ‘महत्त्वाचं’ची खूण लागली. क्लासची रचना चुकली का, इनहेरिटन्स (एका क्लासवरून दुसरा क्लास बनवणं) कुठवर ताणावं, आणि दोन अशिलांची खाती अजून पॉपवर (मेल उतरवून घ्यायच्या जुन्या पद्धतीवर) आहेत त्यांचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

हो, रचना चुकली आहे. तक्रारी तीन असल्या तरी मूळ एकच. तुमच्या एका क्लासवर तीन गोष्टींचा भार पडला आहे: फोल्डरचं नाव, फोल्डरची ओळख आणि उघडलेला फोल्डर. डिस्कवरच्या फोल्डरमध्ये हा फरक सहसा जाणवत नाही, म्हणून तिथे एक क्लास पुरतो. मेल सर्व्हरवर मात्र या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या कारणांनी बदलतात.

तुम्ही कोर्टाच्या कामात आहात म्हणून तिथलंच उदाहरण देतो. याचिका दाखल झाली की आधी स्टॅम्प नंबर पडतो, पुढे नोंदणी क्रमांक मिळतो, कार्यालयात सगळे तिला पक्षकाराच्या नावाने ओळखतात, आणि १६ चिन्हांचा सीएनआर (प्रकरणाचा कायमचा एकमेव क्रमांक) मात्र तोच राहतो. फाइल न्यायमूर्तींसमोर उघडलेली असणं ही त्याहून निराळी, तात्पुरती अवस्था. तुमच्या क्लासने पक्षकाराच्या नावालाच सीएनआर मानलं आणि फाइल कायम उघडीच आहे असं गृहीत धरलं.

आधी ऑब्जेक्टबद्दल. प्रोग्राममधला फोल्डर ऑब्जेक्ट हा सर्व्हरवरच्या एका जागेचा फक्त संदर्भ असतो. त्याच वेळी वकीलसाहेबांचा फोन, कारकुनाचा संगणक आणि घरचा लॅपटॉप त्याच फोल्डरमध्ये हात घालून असतात. जावामेल या जावातल्या मेल लायब्ररीने (आताचं जकार्ता मेल, २.० आवृत्तीपासून पॅकेजचं नावही बदललं) हे मान्य करूनच रचना केली आहे. स्टोअरला (खात्याच्या ऑब्जेक्टला) नाव देऊन फोल्डर मागितला की ऑब्जेक्ट मिळतोच, मग सर्व्हरवर तसा फोल्डर असो वा नसो. तो आहे का, हे विचारायला वेगळी मेथड आहे. नवख्यांना हे विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण आहे. जो फोल्डर अजून जन्मालाच आला नाही तो तयार करायला सांगायचं, तरी कोणाला तरी सांगावं लागतं.

जावामेलच्या दस्तऐवजात आणखी एक वाक्य आहे, त्यावरून नजर सहज घसरते. स्टोअर फोल्डर ऑब्जेक्ट जपून ठेवत नाही. एकच नाव दोनदा मागितलं तर दोन स्वतंत्र ऑब्जेक्ट येतात. एकावर लिसनर (बदल झाला की कळवणारा कोड) लावला आणि दुसऱ्यावरून मेल हलवलं, तर आपल्याच प्रोग्रामचे दोन भाग एकमेकांशी वाद घालू लागतात. मार्क ओव्हरमीर यांच्या पर्लमधल्या मेल-बॉक्स लायब्ररीत यासाठी मॅनेजर नावाचा वेगळा क्लास आहे. कोणते फोल्डर उघडे आहेत याची नोंद तो ठेवतो आणि उघडा असलेला फोल्डर पुन्हा उघडू देत नाही. जुन्या आवृत्त्यांत ते चालायचं. दुष्परिणाम फार, म्हणून पुढे बंद केलं. जावात अशी व्यवस्था तयार मिळत नाही, म्हणून दर खात्यामागे एक मॅनेजर तुम्हालाच लिहावा लागेल. तो लहान असतो, पण फोल्डर फक्त त्याच्याकडूनच मागायचा, हा नियम टीममध्ये कडक पाळा.

आता नावाकडे येऊ. पहिल्या दोन्ही तक्रारी इथल्याच.

प्रकरणाचा क्रमांक लिहायची आपली पद्धत म्हणजे ‘रिटया/१२३४/२०२३’ (रिटया म्हणजे रिट याचिका). आयमॅपमध्ये (सर्व्हरवरच मेल ठेवून हाताळायच्या पद्धतीत) फोल्डरांची उतरंड नावातच लिहिलेली असते आणि पातळ्या वेगळ्या करणारं चिन्ह सर्व्हर ठरवतो. पुष्कळ सर्व्हरवर ते चिन्ह तिरकी रेघ असतं. त्या सर्व्हरला तुमचा क्रमांक ‘रिटया’च्या आत ‘१२३४’ आणि त्याच्या आत ‘२०२३’ असा दिसतो, आणि वरचे फोल्डर नसले तर तो ते आज्ञाधारकपणे तयार करतो. झाले तीन फोल्डर. तुमच्या मशीनवर हे दिसलं नाही, कारण तिथला सर्व्हर बहुधा टिंब वापरणारा असावा. कूरियर आणि मेलडिर-प्लस-प्लस (डिस्कवर मेल ठेवायची एक पद्धत) वापरणारा डव्हकॉट या मेल सर्व्हरांचं नेहमीचं चिन्ह टिंबच असतं. पण टिंबावर खूश होऊ नका. ‘अमुक वि. तमुक’ किंवा ‘प्रथम अपील क्र. ५६’ असं नाव त्या सर्व्हरवर टिंबापाशी तुटेल. वकिलांच्या कार्यालयात टिंब किंवा तिरकी रेघ नसलेलं नाव शोधून काढावं लागतं.

म्हणून फोल्डरचा मार्ग (पाथ) एक सलग स्ट्रिंग म्हणून ठेवू नका. मार्गाचा स्वतंत्र, न बदलणारा क्लास करा, आत तुकड्यांची यादी. तुकडे जोडून सर्व्हरचं नाव बनवणं आणि सर्व्हरचं नाव फोडून तुकडे करणं, ही दोनच कामं त्या खात्याचं विभाजक चिन्ह माहीत असलेल्या एका ठिकाणी होतील. बाकी कोडमध्ये कुठेही नावावर स्प्लिट चालवलेलं दिसलं की तो बग समजा. विभाजक चिन्ह सर्व्हरला विचारूनच घ्यायचं. ते अजिबात नसणंही शक्य आहे, तेव्हा सगळे फोल्डर एकाच पातळीवर असतात. शिवाय काही सर्व्हरवर वापरकर्त्याचे सगळे फोल्डर इनबॉक्सच्या पोटात असतात, आणि सामायिक फोल्डरांचा उपसर्ग व चिन्ह वेगळं असू शकतं. ते सांगणारी नेमस्पेस आज्ञा १९९८ च्या आरएफसी २३४२ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज).

मग क्रमांकातल्या तिरक्या रेघेचं काय? तिच्यासारखं दिसणारं दुसरं युनिकोड चिन्ह घालण्याचा मोह होईल. तो टाळा. शोधताना कोणी ते चिन्ह टाइप करणार नाही आणि महिनाभराने तुम्हीही विसराल. फोल्डरच्या नावात सरळ जोडरेघ घाला, आणि खरा क्रमांक, सीएनआर, पक्षकारांची नावं तुमच्या डेटाबेसमध्ये ठेवा. फोल्डरचं नाव माणसाला वाचण्यासाठी असतं. त्यातून प्रकरण क्रमांक परत खणून काढायची वेळ प्रोग्रामवर येऊच नये.

मराठी नावं न सापडण्याचं कारण जास्त मजेशीर आहे. मार्च २००३ च्या आरएफसी ३५०१ मधल्या आयमॅपमध्ये फोल्डरची नावं सुधारित यूटीएफ-७ मध्ये जातात. म्हणजे देवनागरी मजकुराचं बेस-६४ करून तो अँड चिन्ह आणि जोडरेघ यांच्यामध्ये ठेवायचा. ऑगस्ट २०२१ च्या आरएफसी ९०५१ ने नावं थेट यूटीएफ-८ मध्ये आणली, पण जुने सर्व्हर अजून पुष्कळ आहेत. जावामेल हे रूपांतर स्वतः करतं. पायथनचं इमॅपलिब करत नाही, तिथे ते काम आपल्या गळ्यात पडतं. तुम्ही जावात आहात, तेव्हा तुमची अडचण रूपांतराची नसून त्याच्या अलीकडची आहे. एकच शब्द युनिकोडमध्ये अनेक प्रकारे लिहिता येतो.

‘शेतकऱ्यांच्या याचिका’ हे नाव घ्या. विदर्भातल्या भूसंपादनाची कामं करणाऱ्या कार्यालयात असा फोल्डर असणारच. त्यातला ऱ्या तीन प्रकारे येतो. एक म्हणजे ऱ हे एकसंध अक्षर आणि हलन्त. दुसरा, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तिसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झिरो-विड्थ-जॉइनर. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. फोनवरून बनवलेलं नाव एका प्रकाराचं, संगणकावर टाइप केलेलं दुसऱ्या, आणि जुन्या दस्तऐवजातून चिकटवलेलं तिसऱ्या. सर्व्हर बाइट जुळवून पाहतो आणि नाही म्हणतो.

पहिल्या दोन प्रकारांना युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणित रूप एकत्र आणतं. जावातला नॉर्मलायझर त्यासाठी पुरेसा आहे. तिसऱ्याला तो हात लावत नाही. तिथे नियम तुम्हीच लिहायचा: र, हलन्त आणि जोडचिन्ह असा क्रम दिसला की त्याचं ऱ आणि हलन्त करायचं. जोडचिन्ह सरसकट उडवू नका, नाहीतर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो.

इथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि तीच महत्त्वाची आहे. हे शुद्ध केलेलं रूप फक्त तुलनेसाठी वापरायचं. अस्तित्वात असलेल्या फोल्डरसाठी सर्व्हरला आज्ञा पाठवताना सर्व्हरने यादीत दिलं होतं तेच नाव जसंच्या तसं परत द्यायचं. म्हणजे मार्गाच्या प्रत्येक तुकड्याची दोन रूपं असतील: सर्व्हरचं मूळ आणि तुलनेचं. समानता आणि हॅश तुलनेच्या रूपावर. नवा फोल्डर करण्याआधी तुलनेच्या रूपाने शोधा, सापडला तर तोच वापरा. एकसारखे दिसणारे दोन फोल्डर आधीच झाले असतील तर ते आपोआप एकत्र करू नका, वापरकर्त्यासमोर ठेवा.

नावाच्या लांबीकडेही लक्ष असू द्या. ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द बोलताना पाच अक्षरांचा, युनिकोडमध्ये १३ चिन्हांचा, आणि सुधारित यूटीएफ-७ मध्ये ३७ बाइटचा होतो. मेलडिर-प्लस-प्लस पद्धतीत सगळी उतरंड एकाच डिरेक्टरीच्या नावात सपाट होते, आणि लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट-४ फाइल सिस्टिमवर असं नाव २५५ बाइटपेक्षा लांब चालत नाही. नावं सुधारित यूटीएफ-७ मध्येच साठवली जात असतील तर संपूर्ण मार्गाला, सगळ्या पातळ्या धरून, नव्वदच्या आसपास युनिकोड चिन्हं मिळतात. ‘महाराष्ट्र शासन, महसूल व वन विभाग व इतर’ असे प्रतिवादी नावात घालणाऱ्या कार्यालयाला हे लवकर कळतं. तेव्हा तयार करायच्या आधी लांबी मोजा, आणि सर्व्हरने नकार दिला तर त्याचा संदेश गिळून टाकू नका.

विशेष फोल्डरांबद्दल थोडक्यात. पाठवलेले, मसुदे, कचरा हे फोल्डर नावावरून ओळखू नका. जीमेल खात्याची भाषा मराठी केली की या फोल्डरांची आयमॅपमधली नावंही मराठी होतात. २०११ च्या आरएफसी ६१५४ ने त्यांच्यासाठी खुणा ठरवल्या आहेत, त्या फोल्डरांच्या यादीबरोबर येतात. त्या ‘भूमिका’ या गुणधर्मात ठेवा. सर्व्हर देत नसेल तर वापरकर्त्याला एकदाच विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आता ओळख. प्रकरण निकाली निघालं की कार्यालयं त्याचा फोल्डर ‘निकाली’खाली सरकवतात. आयमॅपच्या दृष्टीने हे नामांतरच आहे, आणि पालकाचं नाव बदललं की पोटातल्या सगळ्यांचं बदलतं. तुमच्या डेटाबेसमध्ये फोल्डरची किल्ली नाव असेल तर त्या क्षणी सगळे धागे तुटतात. मग पुढच्या वेळी सॉफ्टवेअर म्हणतं, या प्रकरणाचा फोल्डर नाही, नवा करतो.

सप्टेंबर २०१८ च्या आरएफसी ८४७४ ने यावर नेमका उपाय दिला आहे. हे एक्स्टेन्शन असलेला सर्व्हर प्रत्येक फोल्डरला एक आयडी देतो आणि नाव बदललं तरी तो तोच राहतो. मिळत असेल तर डोळे झाकून तो वापरा. मिळत नसेल तर यूआयडी-व्हॅलिडिटी हा ३२ बिटांचा आकडा हाताशी आहे. त्याचं मूळ काम वेगळं आहे. मेसेजचे जुने यूआयडी (फोल्डरमधल्या प्रत्येक मेसेजला सर्व्हरने दिलेले क्रमांक) अजून ग्राह्य आहेत का, एवढंच तो सांगतो. फोल्डर पुसून त्याच नावाने पुन्हा केला की आकडा बदलतो आणि तुमचा साठवलेला सगळा हिशोब रद्द करायचा असतो. पण एक नाव गायब झालं आणि तोच आकडा घेऊन नवं नाव आलं, तर नामांतर झालं असावं असा अंदाज बांधता येतो. अंदाजच म्हणतो, कारण हा आकडा फोल्डर तयार केल्याच्या वेळेवरून बनवावा असं आरएफसीच सुचवते. तुमच्या सॉफ्टवेअरने एका सेकंदात वीस फोल्डर तयार केले असतील तर विसांचा आकडा एकच असू शकतो. म्हणून काही मेलचे मेसेज-आयडी (पत्राच्या हेडरमधली ओळख) ताडून पाहिल्याशिवाय शिक्का मारू नका.

नामांतरातली एक खोड सांगून ठेवतो. आयमॅपमध्ये इनबॉक्सचं नाव बदलायची आज्ञा चालते. तेव्हा आतली सगळी पत्रं नव्या नावाच्या फोल्डरमध्ये जातात आणि इनबॉक्स रिकामा होऊन तिथेच उभा राहतो. सकाळी दहाला, कोर्टाचा बोर्ड सुरू व्हायच्या तोंडावर, कोणी मेन्यूतून हे केलं तर तुमचा फोन लगेच वाजेल. तो पर्याय इनबॉक्ससाठी दाखवूच नका. पुसण्याचंही तसंच. पोटात फोल्डर असलेला फोल्डर पुसला तर मुलं तशीच राहतात. पालकातली पत्रं जातात आणि त्याचं नुसतं नाव उरतं, जे उघडता येत नाही. ‘न उघडणारा फोल्डर’ ही एक वैध अवस्था आहे, हे तुमच्या क्लासला माहीत असायला हवं. तुमच्याकडे काही फोल्डर उघडत नाहीत असं पुढे दिसलं तर आधी हीच शक्यता तपासा.

मेसेजची ओळखही याच जागी ठरते. फोल्डरची ओळख, यूआयडी-व्हॅलिडिटी आणि यूआयडी, अशी तिघांची जोडणी. यापेक्षा कमी काहीही डेटाबेसमध्ये ठेवू नका. तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं मूळ इथेच आहे. तुमच्या क्लासमध्ये मेसेजची यादी आहे आणि यादीतली जागा हाच मेसेजचा क्रमांक. आयमॅपमधले क्रमांक १ पासून सलग असतात आणि मधलं एक पत्र कायमचं गेलं की पुढचे सगळे एकाने खाली सरकतात. आरएफसीतलंच उदाहरण आहे: ३, ४, ७ आणि ११ ही पत्रं काढली तर सर्व्हर कळवतो ३, ३, ५, ८. पहिलं ३ गेलं की ४ चं ३ होतं, म्हणून दुसऱ्यांदाही ३. तुम्ही यादी भरली, मग कारकुनाने फोनवरून दोन जाहिराती काढून टाकल्या, आणि तुम्ही जुन्या क्रमांकावर खूण लावली. ती दोन घरं पुढच्या पत्रावर लागली. क्रमांक फक्त उघड्या फोल्डरच्या आत, त्या सत्रापुरते खरे असतात. बाहेर न्यायचा तो यूआयडी.

आणि उघडणं. आयमॅपमध्ये एका कनेक्शनवर एका वेळी एकच फोल्डर निवडलेला असतो. म्हणजे फोल्डर उघडणं ही कनेक्शनची अवस्था आहे, तिला फोल्डरचा गुणधर्म समजू नका. जावामेलने दोन्ही एका क्लासमध्ये बसवलं. तोच ऑब्जेक्ट कधी उघडा, कधी मिटलेला, आणि चुकीच्या अवस्थेत मेथड बोलावली की धावत्या प्रोग्राममध्ये एक्सेप्शन. मला ही रचना आवडत नाही. तुम्ही त्यावर स्वतःचा थर चढवताच आहात तर दोन टाइप करा. एक फोल्डर: त्याला मार्ग, ओळख, भूमिका, मुलं आहेत, पण मेसेज नाहीत. त्याची ‘उघड’ ही मेथड दुसऱ्या टाइपचा ऑब्जेक्ट देते, उघडा फोल्डर, आणि मेसेज फक्त त्याच्याकडे मागता येतात. मिटलेल्या फोल्डरकडे मेसेज मागण्याचं कोड मग कंपाइलच होत नाही. नेट गेलं तर उघडा फोल्डर मेला, एवढंच. मूळ फोल्डर शाबूत असतो, त्यातून पुन्हा उघडायचं.

उघडताना वाचण्यापुरतं की बदलण्यासाठी, हे सांगणं सक्तीचं करा. वाचण्यापुरतं उघडलं तर नुसत्या डोकावण्याने पत्रावर ‘वाचलं’ची खूण लागत नाही. वकिलाच्या इनबॉक्समध्ये ही खूण म्हणजे ‘यावर कोणीतरी काम केलं’ असा निरोप असतो.

बंद करण्यात मोठा सापळा आहे. जावामेल १.६ पासून फोल्डर ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये (काम संपलं की आपोआप बंद करणाऱ्या जावाच्या रचनेत) वापरता येतो, फार सोयीचं आहे. पण त्या आपोआप होणाऱ्या क्लोजचा अर्थ क्लोज-ट्रू असा आहे, म्हणजे काढून टाकण्याची खूण असलेली सगळी पत्रं बंद करताना कायमची जातात. खूण तुमच्या प्रोग्रामने लावली की कारकुनाने दुपारी चुकून लावली, याची चौकशी होत नाही. आयमॅपची मूळ क्लोज आज्ञाही अशीच गुपचूप साफसफाई करते. साफसफाई न करता बाहेर पडण्यासाठी अनसिलेक्ट ही आज्ञा २००४ मध्ये आली. तुमच्या उघड्या फोल्डरच्या बंद करण्यात काहीही पुसलं जाऊ नये, आणि पुसण्याची मेथड वेगळी, यूआयडींची यादी मागणारी असावी. पत्र हलवतानाही हेच. सर्व्हरला मूव्ह येत असेल (आरएफसी ६८५१, २०१३) तर तेच वापरा. नसेल तर कॉपी, खूण आणि साफसफाई अशी तीन पावलं पडतात, आणि साधी साफसफाई दुसऱ्यांनी खुणा लावलेली पत्रंही घेऊन जाते. ठरावीक यूआयडींपुरती साफसफाई करू देणारं यूआयडी-प्लस आहे का ते आधी पाहा.

जावामेलमध्ये प्रत्येक उघडा फोल्डर स्वतःचं कनेक्शन घेतो, हेही लक्षात असू द्या. जीमेल एका खात्याला एका वेळी १५ आयमॅप कनेक्शन देतं, आणि त्यात फोन, लॅपटॉप सगळे आले. चारशे प्रकरणांचे फोल्डर नव्या पत्राची वाट पाहत उघडे ठेवण्याचा विचार असेल तर आत्ताच सोडा. वाट फक्त इनबॉक्सवर पाहा, आयडल या आज्ञेने, आणि २९ मिनिटांच्या आत ती आज्ञा पुन्हा द्या, कारण अर्ध्या तासाने सर्व्हर तुम्हाला निष्क्रिय समजून तोडू शकतो. बाकी फोल्डरांची संख्या मिटलेल्या अवस्थेतच स्टेटस आज्ञेने विचारा, तीही सावकाश, वापरकर्ता पाहतो आहे तेवढ्याच फोल्डरांसाठी.

इनहेरिटन्सबद्दल माझं मत रोखठोक आहे. साठवणुकीच्या प्रकाराप्रमाणे वारसा ठीक: आयमॅपचा फोल्डर, डिस्कवरच्या मेलडिरचा फोल्डर. अर्थाप्रमाणे वारसा नको. ‘पाठवलेले’ हा फोल्डरचा उपवर्ग करू नका, ‘प्रकरण फोल्डर’ तर नक्कीच नको. प्रकरण ही तुमच्या व्यवसायाची वस्तू आहे. तिच्याकडे एका फोल्डरची ओळख असते, उद्या दोन असतील. कारण जीमेलमध्ये फोल्डर म्हणजे लेबल, आणि एकच पत्र तीन लेबलांखाली आयमॅपमध्ये तीनदा दिसतं. दोन प्रकरणांना लागू होणारं पत्र कार्यालयात रोज येतं. म्हणून मेसेजमध्ये ‘माझा फोल्डर’ असं एकवचनी फील्ड ठेवू नका. २०१९ च्या आरएफसी ८६२१ मधल्या जेमॅप या नव्या मेल पद्धतीने हे स्वच्छ मांडलं आहे. तिथे फोल्डरला नावापासून स्वतंत्र आयडी आहे, पालकाचा आयडी आहे, भूमिका आहे, आणि पत्राकडे फोल्डरांच्या आयडींचा संच आहे. तुमचा सर्व्हर जेमॅप बोलत नसला तरी आतलं मॉडेल त्याच आकाराचं ठेवा. आयमॅपचे बारकावे एका ॲडॅप्टरमध्ये कोंडा.

राहिली पॉपची दोन खाती. १९९६ च्या आरएफसी १९३९ मधल्या पॉप-३ ला फोल्डर ही कल्पनाच नाही, फक्त एक पेटी आहे. जावामेल तिला इनबॉक्स नावाचा फोल्डर म्हणून दाखवतं, पण त्यात उपफोल्डर करता येत नाहीत, खुणा सर्व्हरवर टिकत नाहीत, आणि एक सत्र चालू असताना पेटीला कुलूप असतं, दुसऱ्याला आत येता येत नाही. फोल्डरच्या इंटरफेसमध्ये दहा मेथड ठेवून पॉपसाठी आठांतून ‘हे जमत नाही’ असं एक्सेप्शन फेकणं म्हणजे इंटरफेसने खोटं बोलणं. पॉपला फोल्डर समजूच नका, आवक समजा. दर काही मिनिटांनी जोडायचं, यूआयडीएल आज्ञेने कोणती पत्रं नवी ते ठरवायचं, ती उतरवून तुमच्याच सर्व्हरवरच्या मेलडिरमध्ये ठेवायची आणि लगेच बाहेर पडायचं. त्या मेलडिरवर तुमचा नेहमीचा फोल्डर इंटरफेस पूर्णपणे लागू होतो. सर्व्हरवरची मूळ पत्रं किती दिवस ठेवायची हे अशिलाला विचारून सेटिंगमध्ये घाला, आणि न सांगितल्यास काहीच पुसू नका.